मार्लिसचा कायदा आणि अँब्रोझचा नकार

मार्लिस ओपडाल माझ्या घरी राहायला आली त्या दिवशी तिच्या गाडीतून एक सुटकेस उतरली आणि तीन मोठाली पातेली. मी विचारलं, "बाई, तुम्ही कायदे करायला आलात की स्वयंपाक करायला?"

"कायदे जमतील की नाही ते अजून ठाऊक नाही," ती म्हणाली. "स्वयंपाक जमतो. म्हणून पातेली आणली."

आमच्या राज्याचं विधिमंडळ एक वर्षाआड भरतं, जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिलअखेर उठतं. आमदार म्हणजे शेतकरी, मास्तर, दुकानदार, नर्स अशीच माणसं. लांबून येणाऱ्यांना तेवढ्यापुरती खोली लागते. विधानभवनापासून माझं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नवरा गेल्यापासून मी वरची खोली आणि तळघरातली खोली आमदारांना देत आले. मार्लिसला वरची दिली. तळघरात अँब्रोझ वांगलर आधीपासूनच होते.

मार्लिस टॉर्सविक नावाच्या लहानशा, नॉर्वेजियन वस्तीच्या गावची. राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. गावातल्या अर्ध्या माणसांना तिने लहानपणी वाढलेलं होतं आणि कोणाला गाजर आवडत नाही हे ती अजून सांगू शकायची. राजकारणाशी तिचा संबंध नव्हता. तिला तिथे ओढून आणलं ते सेल्मरच्या मरणाने.

सेल्मर तिचा नवरा. डिसेंबरच्या सुरुवातीला कोठारात काम करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. चर्च माणसांनी गच्च भरलं, गाणी झाली, जेवण झालं. पण पुरायचं राहिलं. आमच्या मैदानी मुलखात हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, फेब्रुवारीपर्यंत माणूस उभा राहील इतक्या खोलवर गोठते. म्हणून बऱ्याच दफनभूमी नाताळाच्या आधीच बंद होतात. फाटकाशी विटांची, बिनखिडकीची एक खोली असते. मेलेलं माणूस वसंतापर्यंत तिथे ठेवतात. सेल्मरलाही तिथे ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं.

मार्लिस दर रविवारी प्रार्थना आटोपली की त्या खोलीसमोर गाडी उभी करायची. बाहेर थांबणं शक्य नसे, वारा कातडी सोलायचा. मग इंजिन चालू ठेवून आत बसायची आणि आठवड्याची हकिकत त्याला सांगायची. कोण आजारी पडलं, मुलीचा फोन आला का, पाण्याचा नळ कुठे फुटला. एकदा कोणी परका माणूस थांबला. त्याला वाटलं, बाईची गाडी बंद पडलीय. तारा घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "बॅटरी उतरली का?" तिने सांगितलं, "नाही हो, नवऱ्याशी बोलतेय." तो बिचारा टोपी काढून तसाच उभा राहिला.

मेमध्ये जमीन सुटली तेव्हा पेरणीची घाई. मुलीला सिअ‍ॅटलहून दुसऱ्यांदा रजा मिळाली नाही. थडग्याशी पाद्री, मार्लिस आणि पाच-सहा शेजारी. "माझा नवरा दोनदा गेला, व्हर्ना," ती मला म्हणायची. "पहिल्यांदा सगळे होते. दुसऱ्यांदा मी एकटी होते."

तिने आपल्या भागाच्या आमदाराला विचारलं, यावर काही कायदा नाही का. तो म्हणाला, नाही, आणि कोणी मागितलाही नाही. तिने सहा महिने दारोदार फिरून, हातात स्वतः भाजलेल्या वड्यांचे डबे घेऊन, त्याच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि जिंकली. तोही तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. हरल्यावर अभिनंदन करायला आला, तर तिने त्याला जेवायला बसवलं.

अँब्रोझ वांगलर दुसऱ्या टोकाचे. राज्याच्या दक्षिणेकडच्या जर्मन वस्तीतले, कॅथलिक, विहिरी खणणारे. पंजे फावड्यासारखे, बोलणं थोडं. कित्येक वर्षं सिनेटमध्ये होते आणि एका समितीचे अध्यक्ष होते. बायको रेजिना गेल्यावर ते माझ्या तळघरात राहायला लागले. आधी हॉटेलात उतरायचे. हॉटेलात सकाळी कोणी 'झोप लागली का' असं विचारत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मार्लिसने त्यांच्यासाठी कणकेच्या गोळ्यांचं बटाट्याचं सूप केलं, त्यांच्याकडचं. अँब्रोझनी चमचा तोंडात घातला आणि वाडग्यात डोकावून बघितलं.

"बिघडलंय का?" तिने विचारलं.

"नॉर्वेजियन बाईच्या मानाने बरं आहे."

"सिनेटरसाहेब, ताटात घेतलंय तेवढं संपवा आणि मग बोला."

तिथून त्यांची थट्टा सुरू झाली. ते तिला 'प्रतिनिधीबाई' म्हणत, ती त्यांना 'सिनेटरसाहेब'. ती प्रतिनिधीगृहातली, ते सिनेटमधले, आणि दोन्ही सभागृहांना एकमेकांबद्दल जी नेहमीची कुरकुर असते, ती माझ्या न्याहारीच्या टेबलावर रोज ऐकू यायची. ती म्हणायची, तुमच्याकडे कामं झोपतात. ते म्हणायचे, तुमच्याकडे कामं झोपेत चालतात.

तिचं विधेयक एका पानाचं होतं. कुटुंबाने मागितलं तर दफनभूमीने हिवाळ्यातही पुरून द्यायचं, नाही म्हणायचं नाही. प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे तिने कागद न बघता त्या विटांच्या खोलीची गोष्ट सांगितली. समितीत एक दांडगा, गुरं पाळणारा रँचवाला होता, तो म्हणे डोळे पुसत होता आणि चष्मा पुसतोय असं दाखवत होता. सभागृहात विधेयक भरघोस मतांनी पास झालं. त्या संध्याकाळी ती घरी आली ती नाचतच. मला मिठी मारली, ओव्हन पेटवला, केक केला.

अँब्रोझनी केकचा तुकडा घेतला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही माझ्या घरच्यासारख्या आहात, म्हणून आधी सांगतो. ते आता माझ्या समितीकडे येईल. मी विरोध करणार आहे."

तिला थट्टाच वाटली. "का, सूप खारट झालं होतं?"

"लहान गावांत खड्डा कोण खणतं, प्रतिनिधीबाई? पगारी माणूस नसतो. चर्चमधले म्हातारे खणतात, हाताने. तुमचा कायदा त्यांना सांगतो की जानेवारीतही खणा."

"यंत्रं असतात."

"तुमच्याकडे असतील. आमच्याकडे पहार असते."

"इतक्या लोकांनी मत दिलंय. मोजून बघा."

"दिलंय ना. एकाच सभागृहाला विचारून भागत असतं तर आम्हाला कोणी निवडून दिलंच नसतं. तुम्ही विचार केलात, आता आम्हाला करू द्या."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर गारठा. ती त्यांच्याशी बोलायची ती माझ्यामार्फत. "व्हर्ना, सिनेटरसाहेबांना साखर हवी असेल." साखर त्यांच्या हाताशीच असायची. ते म्हणायचे, "व्हर्ना, त्यांना सांग, मिळाली." मी वैतागून एकदा साखरेचं भांडंच उचलून ओट्यावर ठेवलं.

सिनेटच्या समितीने विधेयकात दोनच शब्द घातले, 'शक्य असल्यास'. मार्लिस तो कागद घेऊन माझ्यापुढे बसली. "याचा अर्थ कळला का तुला? शक्य नाही असं म्हटलं की संपलं. कुलूप आहे तिथेच राहणार."

प्रतिनिधीगृहाने ते दोन शब्द मानले नाहीत. मग आमच्याकडे जे होतं तेच झालं. दोन्हीकडचे तीन-तीन लोक एका खोलीत बसवले, एक मजकूर ठरवून आणा म्हणून. त्यात इकडून मार्लिस, तिकडून अँब्रोझ. पण अँब्रोझबरोबरचे दोन सिनेटर मार्लिसच्या बाजूला वळले. त्यातल्या एकीची आई अशाच एका खोलीत कुलूपबंद राहिली होती. दोन शब्द निघाले. सिनेटमध्ये विधेयक कसंबसं, पण पास झालं. अँब्रोझ हरले. घरी आल्यावर त्यांनी मार्लिसला म्हटलं, "जिंकलात. अभिनंदन." ती "आभारी आहे," म्हणाली. साखर मात्र अजून माझ्यामार्फतच जात होती.

गव्हर्नरनी सही केली नाही.

विधेयक परत आलं, सोबत त्यांची कारणं. हिवाळ्यात पुरण्याची मागणी योग्य आहे, पण विनामोबदला राबणाऱ्या माणसांवर सक्ती करायची आणि त्यांच्या हातात काहीच द्यायचं नाही, हे आपल्याला पटत नाही. म्हणून नकार.

मार्लिस इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. भांडी घासताना ती एकेक पातेलं ओट्यावर आपटत होती. "दोन सभागृहं, शंभराच्या वर माणसं. आणि एक माणूस वर बसून म्हणतो, नको. मग आम्ही काय इथे सूप प्यायला आलो?"

अँब्रोझ कोपऱ्यात बुटांना पॉलिश करत होते. त्या अभिनंदनानंतर पहिल्यांदाच ते सरळ तिच्याशी बोलले. "तो एकटा तुम्हाला थांबवू शकतो. कायमचा नाही. दोन्ही सभागृहांत तीनातले दोन तुमच्या बाजूला असले की त्याचं 'नको' निकामी होतं."

"आमच्याकडे आहेत तेवढे. तुमच्याकडे?"

"एखाद्या मताचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि बूट उचलून खाली गेले.

प्रतिनिधीगृहात तिला तीनातले दोन सहज मिळाले. मग पाळी सिनेटची. मी कामं टाकून तिच्याबरोबर वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात गेले. नावं एकेक पुकारली जात होती, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. 'वांगलर' अगदी शेवटी येतं. मार्लिस बोटांवर मोजत होती. शेवटची दोन-तीन नावं राहिली तेव्हा तिने माझा हात धरला. शेवटी एकच नाव उरलं, आणि एकच मत कमी होतं.

"सिनेटर वांगलर."

अँब्रोझ उभे राहिले. तिथे बसूनही चालतं, पण ते उभे राहिले. वर आमच्याकडे बघितलं नाही. "नाही," म्हणाले, आणि बसले.

मार्लिसने माझा हात सोडला. ती रडली नाही. मफलर गुंडाळला आणि जिना उतरून गेली.

मी घरी पोचले तेव्हा ती सुटकेस भरत होती. पातेली दाराशी आणून ठेवलेली. अजून कामकाजाचे दिवस बाकी होते, पण ती म्हणाली, उरलेले दिवस हॉटेलात काढते. तेवढ्यात अँब्रोझ आले. पातेल्यांकडे बघितलं, टोपी काढली आणि जिन्याच्या खालच्याच पायरीवर बसले. मी चहा टाकायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. दार उघडंच होतं.

"रेजिना जानेवारीत गेली," ते म्हणाले. "आमच्याकडे ती विटांची खोली नाही. तिला असंच ठेवायचं मला सहन होईना. म्हटलं, मी जन्मभर जमीन खणली, बायकोसाठी एक खड्डा नाही खणता येणार? तिचा भाऊ पायस मदतीला आला. माझ्यापेक्षा मोठा. मी नको म्हटलं, तर म्हणाला, माझी बहीण आहे. पेटतं गवत टाकून, पहारीने, दिवसभर. संध्याकाळी तो पहारीला टेकून उभा राहिला. मला वाटलं दम खातोय."

वर मार्लिसची पावलं जिन्याच्या तोंडाशी आली.

"मी एकीला पुरायला गेलो आणि दोघांना पुरलं. पायसच्या बायकोने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं."

मार्लिस एकेक पायरी उतरत खाली आली. "हे तिथे का नाही सांगितलंत? समितीत? मी तर माझं सगळं सांगितलं."

"मी सांगितलं असतं तर लोकांनी माझ्यावर दया केली असती आणि मत दिलं असतं. मला ते नको होतं. नुसतं खड्ड्याचं बघून मत द्यायला हवं होतं."

"माझ्यावर दया करूनच मतं दिली का मग सगळ्यांनी?"

"थोडी," ते म्हणाले. "आणि थोडी तुम्ही बरोबर होतात म्हणूनही. ते कुलूप वाईट आहे. मी कुलुपाच्या बाजूने कधीच नव्हतो."

ती त्यांच्या वरच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "पायस कसा होता?"

"बडबड्या. अकॉर्डियन वाजवायचा. वाईट वाजवायचा."

ती हसली, आणि मग मात्र रडली. अँब्रोझनी खिशातून रुमाल काढला, उलटसुलट करून बघितला, परत खिशात घातला आणि मला हाक मारली, "व्हर्ना, एखादा स्वच्छ रुमाल आहे का गं?" पातेली मी उचलून आत नेली. तिने मला अडवलं नाही.

त्या मे महिन्यात अँब्रोझ गाडी काढून सगळं राज्य ओलांडत टॉर्सविकला गेले. मार्लिसने त्यांना सेल्मरचं थडगं दाखवलं, ती खोलीही दाखवली. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, फाटकापासूनची जमीन टाचेने ठोकून बघितली आणि विचारलं, "तालुक्याच्या रस्त्याची माणसं बर्फ कशाने काढतात?" तिला आधी कळलंच नाही हा माणूस काय विचारतोय. दोन दिवसांनी ती त्यांच्या गावी गेली. तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर जेवली. त्यांचे हात बघून आली.

पुढचं अधिवेशन भरलं तेव्हा विधेयक अँब्रोझनी आणलं, सिनेटमध्ये. गोठलेल्या जमिनीवर ठेवायचं एक भलं मोठं लोखंडी झाकण मिळतं. आत गॅस पेटवला की एका दिवसात माती मोकळी होते. प्रत्येक तालुक्याने ते झाकण ठेवायचं, रस्त्याच्या माणसांनी ते न्यायचं, खणायचंही त्यांनीच यंत्राने. एवढं झाल्यावर मग दफनभूमीला 'नाही' म्हणता येणार नाही.

सिनेटने ते पास केलं आणि ते प्रतिनिधीगृहात, मार्लिसच्या समितीत आलं. एका सकाळी ती टेबलाशी बसून पेन्सिलने त्यावर रेघा मारत होती.

"काय करतेयस?" अँब्रोझनी विचारलं.

"तुझं विधेयक तपासतेय." एवढ्यात ती त्यांना अरे-तुरे करायला लागली होती, कधीपासून ते माझ्याही ध्यानात आलं नाही. "इथे लिहिलंयस, दफनभूमीच्या मंडळाने तारीख ठरवावी. मंडळ कशाला? मंडळ एप्रिलची तारीख देईल. तारीख घरच्यांनी ठरवायची."

"मार्लिस, वादळ असलं तर? रस्त्याची माणसं मरतील."

"वादळ निवळेपर्यंत थांबायचं, असं लिहू. पण मंडळ नाही."

"मी तुझं विधेयक पाडलं, त्याचा वचपा काढतेयस."

"तू माझं नीट वाचलंस, मी तुझं नीट वाचतेय. कॉफी हवी का?"

"साखर?"

"हाताशी आहे बघ."

ती सुधारणा कायम राहिली. सिनेटने कुरकुर करत ती मानली. गव्हर्नर तेच होते. त्यांनी या वेळी सही केली आणि दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत अँब्रोझ कोणाच्या तरी अंत्ययात्रेला आल्यासारखे दिसतात. मार्लिसचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. त्यांची टाय वाकडी झालीय, ती तिकडे बघतेय.

लोक मला विचारतात, त्यांचं पुढे काही जमलं का. लग्न वगैरे नाही. अँब्रोझ पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत, गुडघे गेले होते. ती आणखी एकदा निवडून आली. नंतर तिने मागितलेल्या एका पुलावरून गाव फुटलं आणि ती निवडणुकीत पडली, एका खतविक्यापुढे. मला फोनवर म्हणाली, "बरं झालं. शाळेत नवी बाई गाजरं करपवतेय."

पण त्या कायद्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारीत टॉर्सविकजवळच्या एका जोडप्याचं बाळ गेलं. जन्मून थोडेच दिवस झालेले. वडील रात्रपाळीला तेलविहिरींवर, आई विशीतली. त्यांना हा कायदा ठाऊकही नव्हता. पाद्रीने सांगितलं. मार्लिस त्यांना ओळखत नव्हती, तरी ती अंत्यविधीनंतरचं जेवण रांधायला चर्चमध्ये गेली. आणि अँब्रोझ कोणी न सांगता गाडी चालवत आले, झाकण नीट बसतंय का ते बघायला. रस्त्याच्या माणसांबरोबर आदल्या दिवशीपासून तिथे उभे होते. विहिरी खणणाऱ्याला माती कधी सुटते ते कळतं, असं त्यांनी त्यांना सांगितलं. त्या पोरांनी म्हाताऱ्याला गाडीत बसवून हीटर लावून दिला.

खड्डा लहानसाच होता. झाकण काढलं तेव्हा बर्फाच्या मधोमध काळी माती आणि तिच्यातून वाफ निघत होती. सगळे जवळ आले. पाद्रीने प्रार्थना म्हटली. मग त्या आईने हातमोजा काढला, वाकून मूठभर माती घेतली आणि तशीच थांबली. तिच्या नवऱ्याला वाटलं तिला घेरी आली, तो पुढे झाला.

"कोमट आहे," ती त्याला म्हणाली. "बघ ना. हात लाव."

त्याने हात लावला. मग आजीने लावला, मग एकेक करून सगळ्यांनी. मार्लिसने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि अँब्रोझ?"

"तो गाडीतून उतरून मागे उभा होता, टोपी हातात धरून," ती म्हणाली. "मी म्हटलं, अरे, तूही लाव की. तर म्हणाला, आधी घरच्यांचं होऊ दे."